मोजणी

मी आठवडे मोजते. तेच माझं काम.
थंड जेल, अंधारी खोली, करडा पडदा
आणि त्यात जवाच्या दाण्याएवढं
लुकलुकणारं काहीतरी.
‘काहीतरी’ मी मोठ्याने म्हणत नाही.
आधी बाईचा चेहरा बघते.
ती बाळ म्हणाली, तर मीही बाळ म्हणते.
गप्प राहिली, तर म्हणते
सहा आठवडे, दोन दिवस.

यंत्राला विचारून पाहिलंय.
यंत्र मिलिमीटर सांगतं.
धडधडतं ते अजून पुरतं हृदय नव्हे,
वाकू लागलेली एक नळी.
त्याही आधी, पहिल्या पंधरवड्यात,
एकाचे दोन होऊ शकतात,
आणि कित्येकदा एकाचं काहीच होत नाही,
बाईलाही पत्ता लागत नाही,
चार दिवस उशीर, इतकंच.
हे सगळं मला पाठ आहे.
तरी लिव्हरपूलला निघालेल्या एका मुलीने
चित्राची प्रत मागून घेतली,
घडी न घालता पासपोर्टात ठेवली
आणि म्हणाली, कोणाला सांगू नका.
काय सांगू नको? जाण्याचं,
की चित्राचं?

या मे महिन्यात तेच चित्र
विजेच्या खांबाखांबावर टांगलंय,
माझ्या खोलीतलं, गाडीएवढं मोठं करून.
त्याच्याखाली ‘नाही’. पुढच्या खांबावर ‘हो’.
मतदानाला बाबांना घेऊन निघाले.
फेस्टी मलकेरिन, वय चौऱ्याऐंशी, टाय लावलेला.
किल्लीनपाशी म्हणाले, थांबव.

किल्लीन म्हणजे समुद्राकडे उतरलेलं रान,
बाप्तिस्म्याआधी गेलेल्यांचं.
पवित्र मातीत त्यांना जागा नव्हती,
स्वर्ग नाही, नरकही नाही,
मधली एक खोली, दार नसलेली.
गवतात बुडालेले दगड. एकावरही नाव नाही.

बाबा काठी टेकत
नेमके एका पांढऱ्या गारगोटीपाशी गेले.
“एकसष्ट साल. फेब्रुवारी.
लोण्याचं खोकं होतं. रात्री आणलं, कंदील न लावता.
फादर म्हणाले होते, नाव ठेवू नका, हा कोणी नव्हे.
आता त्याच चर्चच्या फाटकावर लिहिलंय,
पहिल्या दिवसापासून तो कोणीतरी असतो.”
कुंपणाच्या काट्यांना पांढरा बहर आला होता.
त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.
“वजन होतं, अट्रॅक्टा. मला एवढंच ठाऊक आहे.
दोन पाव, आणि थोडं वर.”

आईला त्यांनी दगड कधी दाखवला नाही.
तिला दूध आलेलं म्हणे,
आत्याने फडक्याने घट्ट बांधून टाकलं.
दोन जिवांची बाई मोकळी होते
आणि दुसरा जीव कुठेच जमा होत नाही,
ना चर्चच्या वहीत, ना सरकारच्या,
मग ती किती जिवांची उरते?
हे गणित कुठल्याच खांबावर नव्हतं.

मला विचारायचं होतं, म्हणजे हो ना, बाबा?
किंवा, म्हणजे नाही?
माझं हिवाळ्यातच ठरलं होतं,
त्या पासपोर्टापायी.
गारगोटी पाहून ते बदललं नाही.
पण आता ते मला हातात धरावं लागत होतं,
आधी नुसतं ठाऊक होतं.

शाळेत, बुटक्या बाकांच्या वर्गात,
बाबा आडोशामागे फार वेळ होते.
दाराशी बसलेल्या बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.
बाहेर आले ते हात चोळत.
“पेन्सिल दोरीने बांधून ठेवलीय,” म्हणाले,
“लोक चोरतात की काय?”

गाडीत बसताना दिसलं,
बुटाला रानातली ओली माती होती.
पुसायला वाकले,
तर त्यांनी पाय मागे घेतला.